घरचा माणूस

आमची एक भाची पुण्याला व्यवसाय-व्यवस्थापनाचे शिक्षण घेते. तिला एक प्रकल्प करायचा आहे. घराण्याच्या मालकीच्या धंद्यात जी बाहेरची माणसे नोकरीला असतात ती कसा विचार करतात, कसे काम करतात, असा काहीसा विषय आहे. तिने फोनवर विचारले, "मामा, तुमच्या गोंदियात तर सगळे धंदे कुठल्या ना कुठल्या घराण्याचेच. तुम्ही काही सांगा ना." फोनवर जे सांगितले ते फारच तुटक झाले, म्हणून इथे लिहून काढतो आहे. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे मागून सुरुवात करायची खोड आहे. तिला मुद्दे क्रमवार हवे असतील तर ते तिनेच यातून वेचून घ्यावेत.

गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आम्ही भंडाऱ्यात होतो, आणि भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. गोंदिया गाव वाढवले ते रेल्वेने. बंगाल-नागपूर रेल्वेचा फाटा आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे गेलेली छोटी गाडी, या दोन्हींमुळे इथे माल उतरू लागला, चढू लागला. चढायचा तो मुख्यतः तांदूळ आणि बिडी.

गुजरातेत १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. संवत १९५६ चा, म्हणून तिकडे त्याला छप्पनियो म्हणतात. त्या सुमारास पोटामागे मध्य प्रांतात आलेल्या गुजराती मंडळींपैकी काहींनी टेंभुर्णीच्या पानात तंबाखू वळण्याचा धंदा मोठा केला. जबलपूरचे मोहनलाल हरगोविंददास हे त्यातले एक जुने नाव. आमच्याकडे छोटाभाई जेठाभाई पटेल यांच्या नावाची पेढी. ज्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली, तेही याच धंद्यातले. पाने इथल्या जंगलात, हात इथल्या खेड्यांत, तंबाखू गुजरातेतून. मालक नात्यागोत्याचे, आणि कामाला मात्र हजारो परके लोक.

आता या परक्या लोकांत सुद्धा पायऱ्या होत्या. आतल्या गादीवर मालक, त्याचे भाऊ, मुले, जावई. मग मुनीम. तो घरातला नसायचा, पण बहुधा मालकाच्याच मुलखातला किंवा जातीतला असायचा. मग रोकड सांभाळणारा, वसुलीला जाणारा, आणि मग आमच्यासारखी मराठी घरांतली माणसे, ज्यांना दिवाणजी म्हणत. गिरणीत मिस्त्री, मापारी, हमाल. बिडीत भट्टीवाला, चेकर, आणि गावोगावचे सट्टेदार. या पायऱ्यांमध्ये पगाराचा फरक फारसा नव्हता. फरक होता तो वही कोण उघडू शकतो यात. अनेक पेढ्यांच्या वह्या गुजरातीत, नाहीतर मारवाडी मुडी अक्षरांत. त्या लिपीत काना-मात्रा वेलांटी काही नाही. 'काका अजमेर गये' असे लिहिलेले पत्र घरच्यांनी 'काका आज मर गये' असे वाचले आणि रडारड झाली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. गोष्ट विनोदाची आहे, पण बाहेरच्याला वही वाचता येऊ नये ही सोय त्यात आपोआप होती.

माझे बाबा दिवाणजी होते. एका राइस मिलमध्ये १९४६ पासून १९७८ पर्यंत. मिलचे नाव लिहीत नाही, त्या घराण्यातली आजची मुले माझे विद्यार्थी आहेत आणि चांगली आहेत. बाबा चौथी पास. मुडी त्यांना कोणी शिकवली नाही, मुनीमजींच्या मागे उभे राहून ते शिकले. शिकल्यावर तीन वर्षे त्यांनी ते कुणाला कळू दिले नाही. मी मोठा झाल्यावर विचारले, का? तर म्हणाले, "अरे, आपल्याला येते हे मालकाला कळलं का तो वही लपवते. मुनीमजीले कळलं का तो आपल्याले लपवते." मग मुनीमजी एकदा दिवाळीच्या तोंडावर गावी आजारी पडले, आणि वहीपूजनाला खाती जमवायला कोणी नव्हते. तेव्हा बाबा पुढे झाले. तेव्हाचे हिशेबाचे वर्ष दिवाळीला संपत असे. १९८९ पासून आयकर खात्याने सगळ्यांना ३१ मार्चला आणून बांधले. पण त्याआधी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लाल कापडाची नवी वही पूजेला ठेवायची तर जुनी मिटलेलीच हवी. बाबांनी ती मिटवली. त्या दिवसापासून ते 'घरचे' झाले.

भाचीचा प्रश्न जर 'अशी माणसे कसा विचार करतात' हा असेल तर उत्तर इथेच कुठेतरी आहे. घरचा मुलगा चूक करतो तेव्हा तो मुलगाच राहतो. बाहेरच्या माणसाला मात्र रोज सकाळी नव्याने विश्वासाचा ठरावे लागते. बाबांचे वागणे सगळे त्याभोवती होते. मालकांच्या दोन भावांत अबोला असला तर ते एकाचा निरोप दुसऱ्याला नेत नसत. 'भाऊसाहेब, तुम्हीच सांगा, मला नीट सांगता येणार नाही' म्हणून मोकळे होत. तिजोरीची किल्ली दिली तरी ती घरी आणत नसत, रात्री मालकाच्या देव्हाऱ्यात ठेवत. शेतकऱ्याच्या धानात ओल किती, ते मालकासमोर बोलायचे नाही आणि शेतकऱ्यासमोर तर मुळीच नाही, आधी मिस्त्रीकडे पाहायचे. मिस्त्री दाताखाली दाणा फोडायचा आणि मान हलवायचा, त्यावर भाव ठरायचा. हा मिस्त्री पूर्ण निरक्षर होता. पण शेलरच्या रबरी रोलरमधली फट किती ठेवली म्हणजे तांदूळ कमी तुटेल आणि कनकी कमी निघेल हे त्याच्या कानाला कळत असे. तो एक दिवस आला नाही तर मालकाचा फायदा कनकीत जायचा. मालक त्याला बाबांपेक्षा जास्त घाबरत, आणि तो बाबांइतका कधी वाकला नाही. ज्याचे कसब हातात आहे त्याला दुसरी मिल बोलावते. ज्याचे कसब एकाच घराच्या गुपितांत आहे, त्याला दुसरीकडे कोण घेणार? आयुष्यभर कमावलेला विश्वास हा असा न हलवता येणारा माल.

माझ्या मते व्यवस्थापनाच्या पुस्तकांत निष्ठा, निष्ठा म्हणून जे येते त्यातला बराचसा भाग हा आहे. सगळा नव्हे. बाबांना त्या घराविषयी माया होती, खोटे कशाला बोला. मोठ्या शेठजींच्या आई गेल्या तेव्हा ते लहान मुलासारखे रडले.

आता इतिहासाकडे वळतो, कारण मायेच्या गोष्टी सांगत बसलो तर खरा प्रश्न राहून जाईल. तो असा : घराण्याच्या धंद्यात राबणारा माणूस हा कायद्याने त्यांचा नोकर आहे की नाही? हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा गेला, तो आमच्या या बिडीमुळे. आणि त्याची सुरुवात आमच्याच जुन्या प्रांतात झाली.

१९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने एक कायदा केला. शेतीला मजूर मिळावेत म्हणून हंगामात ठरावीक गावांत बिडी वळायला बंदी करण्याचा अधिकार त्यात जिल्हाधिकाऱ्याला दिला. सागर जिल्ह्यात असा हुकूम निघाला. त्याविरुद्ध दोन माणसे थेट सर्वोच्च न्यायालयात गेली : एक बिडी कारखानदार, आणि दुसरा बिडी कारखान्यात काम करणारा नोकर. दोघांचे म्हणणे एकच, आमचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क जातो. ८ नोव्हेंबर १९५० ला निकाल लागला आणि बंदी घटनाबाह्य ठरली. न्यायालय म्हणाले, शेतीला मजूर हवेत हे ठीक, पण म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बायकांना, मुलांना, शेतात ज्यांना कामच मिळत नाही त्यांनाही बिडी वळू न देणे हे अति झाले. 'चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' म्हणून हा निकाल वकिलीच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते, आणि मालक नि नोकर एका बाजूने उभे होते. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. हे चित्र पुढे टिकले नाही, म्हणूनही असेल.

कारण आठच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच सागरच्या बिडीचा दुसरा खटला त्याच न्यायालयात आला. कारखान्यात निरीक्षक गेला तेव्हा तिथे काही सट्टेदार तयार बिड्या घेऊन आलेले होते. ते कारखान्याचे कामगार आहेत, त्यांची नोंद का नाही, असा सरकारचा सवाल. मालकपक्ष म्हणाला, हे आमचे कामगार नव्हेतच. न्यायालयाने ते मानले. सट्टेदार आपल्या जागी, आपल्या सवडीने बिड्या करवून घेतो, कशा करायच्या हे मालक सांगत नाही, म्हणून तो स्वतंत्र कंत्राटदार.

सट्टेदार कोण ते ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. तो गावातलाच माणूस. मालकाकडून पान आणि तंबाखू तोलून आणायचा, घरोघर वाटायचा, बायका सूप मांडीवर घेऊन वळायच्या, आठवड्याला बिड्या गोळा करून तो कारखान्यात द्यायचा. मजुरी हजारावर. वाईट निघालेल्या बिड्यांना छाट म्हणत. छाट किती काढायची ते चेकरच्या हातात, आणि छाटेचे पैसे वळणारीला नाहीत. मी ज्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत १९७२ मध्ये रुजू झालो तिथे दुपारनंतर मुली वर्गात दिसत नसत. आईच्या शेजारी बसून कात्रीने पाने कापत असत, टिनाचा तुकडा मापाला ठेवून. सट्टेदार मालकाकडे 'आमचा माणूस' आणि गावात 'कंपनीचा माणूस'. मालकाने कधी कमी पान दिले तर शिव्या त्याला, आणि बाईने कमी बिड्या दिल्या तर कापले जायचे त्याच्याच हिशेबातून. घराण्याच्या सर्वांत बाहेरच्या ओसरीवर उभा असलेला हा नोकर, आणि न्यायालयाने सांगितले की तो नोकर नाही. मग त्याच्याकडे बिड्या वळणाऱ्या बायका कोण?

पुढची काही वर्षे कायदा असाच हेलकावे खात होता. १९६१ मध्ये नागपूरच्या एका बिडी कारखान्याचा खटला. तिथे वळणारे कारखान्यात येऊन बसत, हजेरी लागे, दुपारनंतर आले तर काम मिळत नसे. न्यायालय म्हणाले, हे कामगार, यांना रजेचा पगार आहे. १९६२ मध्ये नाशिककडचा खटला. तिथला माणूसही कारखान्यातच वळायचा, पण वाटेल तेव्हा यायचा-जायचा. तो कामगार नाही असे बहुमताने ठरले, एका न्यायमूर्तींनी वेगळे मत दिले. म्हणजे बिडी तीच, सूप तेच, आणि माणसाचे नाते घड्याळावरून ठरायचे. १९६४ मध्ये मद्रासकडच्या खटल्यात मात्र न्यायालयाने मधला कंत्राटदार हा नुसता देखावा आहे हे ओळखले आणि त्याच्याकडचे लोक मालकाचेच ठरवले.

शेवटी संसदेने १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांचा वेगळा कायदा केला. त्यात घरी बसून वळणारी बाई आली, सट्टेदारामार्फत काम करणारी आली. छाटेवर मर्यादा घालण्याची सोय आली. कारखानदार अर्थातच न्यायालयात गेले, आणि १९७४ मध्ये तिथे कायदा टिकला. १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधी, १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधी. घरी वळणाऱ्यांना फंड कसा, म्हणून पुन्हा खटला, आणि १९८५ मध्ये उत्तर : होय, त्यांनाही. पस्तीस वर्षे गेली या एका वाक्याला. (२०२० च्या नव्या श्रमसंहितेत आता तो १९६६ चा कायदा विरघळला आहे. त्याचे पुढे काय होते ते तरुणांनी पाहावे.)

सगळीच घराणी अशी होती असे नाही. नागपूरचीच एम्प्रेस मिल घ्या. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. व्यवस्थापक म्हणून कुणाला आणले? बेझनजी मेहता या रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातल्या माणसाला, ज्याला गिरणीतले काही ठाऊक नव्हते. नाते नाही, सूतकामाचा अनुभव नाही, पण मिल त्यांच्या हाती दिली आणि त्यांनी ती नावारूपाला आणली. तिथे १९०१ मध्येच कामगारांना प्रॉव्हिडंट फंड होता. देशाचा फंडाचा कायदा आला १९५२ मध्ये. किर्लोस्करवाडीचे उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना मांडला तेव्हा बरोबर कोण होते? हिशेबाला मंगेशराव रेगे, पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी, शिक्षण अर्धे सोडलेले पण डोक्याने इंजिनिअर असलेले अनंतराव फळणीकर. आणि रात्रीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी. शाळेने नापास केलेली आणि समाजाने टाकलेली माणसे निवडायची आणि त्यांच्यावर पूर्ण काम सोपवायचे. मुलांना यातला रामोशाचा भाग आवडे. मला रेग्यांचा आवडतो, बाबांमुळे.

तर बाबांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. १९७८ मध्ये त्या घराण्यात वाटणी झाली. वाटणीची यादी बाबांनीच स्वतःच्या अक्षरात केली, कारण दोन्ही भावांचा विश्वास बसेल असा दुसरा माणूस नव्हता. यंत्रे, गोदाम, बैलगाड्या, उधारी, देव्हाऱ्यातली चांदीची भांडी सुद्धा. तीन रात्री ते बसले होते. यादी पूर्ण झाली, दोघांच्या सह्या झाल्या, आणि मग लक्षात आले की दिवाणजी कुणाच्या वाट्याला ते ठरलेच नाही. मोठे म्हणाले, धाकट्याला गरज आहे. धाकटे म्हणाले, माझा मेव्हणा वही पाहणार आहे. दोघेही खरेच चांगले बोलले, "दिवाणजी, तुम्ही तर आमच्या घरचेच." धोतरजोडी दिली, आईला लुगडे दिले, आणि एक रक्कम दिली. ती आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मंडपाला पुरली.

तेव्हा ग्रॅच्युइटीचा कायदा होऊन सहा वर्षे झाली होती. दहा माणसे असतील आणि पाच वर्षे नोकरी असेल तर ती द्यावी लागते. मिलवर दहापेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. फंडासाठी वीस माणसांची अट, म्हणून हजेरीच्या वहीत कायम एकोणीस नावे असत. ती वही लिहीत कोण होते? बाबाच. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवले, कायद्याचे पुस्तक दाखवून. ते रागावले नाहीत. म्हणाले, "घरच्या माणसानं घरच्यावर दावा लावाव का?" मी म्हटले, वाटणीत घरच्या माणसाला वाटा मिळतो. त्यावर ते उठून बैलाला पाणी दाखवायला गेले.

मला अजून वाटते की त्या भावांच्या मनात कपट नव्हते. 'घरचा' म्हटले की पगार विचारायची लाज वाटते, ही दोन्ही बाजूंची लाज. पण तिचा फायदा मात्र एकाच बाजूला जातो. सट्टेदाराला परका म्हणून दिले नाही, आणि दिवाणजीला घरचा म्हणून दिले नाही. भाचीने प्रकल्पात बाकी काही घेतले नाही तरी चालेल, एवढे जरूर लिहावे.

आता गोंदियात बिडी फारच आटली. तांदळाच्या मिली आहेत, पण कित्येक सरकारी धानाच्या भरडाईवर चालतात, क्विंटलमागे सदुसष्ट किलो तांदूळ परत द्यायचा हा हिशेब. मुडी वाचणारा कोणी उरला नाही. हिशेब संगणकावर होतो, आणि तो करायला कॉमर्स झालेली मुलेमुली असतात. माझी एक विद्यार्थिनी पाच वर्षांत तिसऱ्या मिलवर आहे. तिचे मालक मला रस्त्यात भेटले की म्हणतात, "सर, पहिल्यासारखी माणसे राहिली नाहीत." तिला मी विचारले तर म्हणाली, "सर, पहिल्या दोन ठिकाणी फंड नव्हता. इथे आहे, म्हणून टिकली."

बाबांच्या हातच्या दोन वह्या माझ्याकडे आहेत, १९५३ आणि १९६१ च्या. मिलने रद्दीत काढल्या तेव्हा त्यांनी घरी आणल्या होत्या. कसर लागली आहे, पण आकडे वाचता येतात. नातेवाइकांपैकी किंवा इथे लिहिणाऱ्या स्नेह्यांपैकी कुणाच्या घरी बिडी कारखान्याची मजुरीची कार्डे, सट्टेदाराच्या नोंदी, फडमुंशीची पुड्यांची वही असे काही असेल, तर ते विकण्याआधी मला कळवावे. मी येऊन घेऊन जाईन.